एक हात मोकळा

अक्कांच्या एका हातात पिशवी आली की दुसरा हात लगेच वर जायचा. पंजा उघडायचा, मिटायचा, परत उघडायचा. भाजीची पिशवी असो की दळणाचा डबा, हे ठरलेलं. मग समोर जो कोणी असेल त्याच्याकडे बघून त्या म्हणायच्या, "एक हात मोकळा पाहिजे, भाऊ."

मी जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला आलो त्या दिवशी दोन्ही हातांत बादल्या, बगलेत वळकटी आणि दातांत किल्ली अशा अवतारात जिना चढत होतो. वरून अक्का उतरत होत्या. ओळख ना पाळख, पण त्यांनी मला थांबवून तेच वाक्य ऐकवलं. मला वाटलं, आता बाई एक बादली घेतील. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पडशात ना!" मी पडलो नाही, पण किल्ली तेवढी पडली.

असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. सुरुवातीला आपण त्याला हसतो, मग त्याला कंटाळतो, आणि तो नसला की घराची एक भिंत काढून नेल्यासारखं वाटतं. मी या तिन्ही पायऱ्या चढलो आहे. त्यातली कंटाळ्याची पायरी सगळ्यांत लांब होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमची इमारत लहान. पहिल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं, एक माझं आणि समोर अक्कांचं. खाली एका बाजूला किराणा दुकानवाले शेठजी, दुसऱ्या बाजूला एक कंपाउंडर. अक्कांचं मूळ गाव साक्रीकडचं. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. रावेरहून केळी भरायची आणि दिल्ली गाठायची, यात त्यांची उमर गेली. पुढे लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. फक्त एक शब्द तेवढा मागे राहिला. तो म्हणजे "ब्रेक". भूक लागली तरी ब्रेक, उन्हं तोंडावर आली तरी ब्रेक, शेठजी जास्त वेळ बसले तरी ब्रेक. अक्कांना प्रत्येक ब्रेकचा अर्थ कळायचा.

त्यांच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर पाच खिळे आणि पाच खिळ्यांना पाच पिशव्या. खताच्या नायलॉनच्या गोण्या उसवून अक्कांनी त्या स्वतः मशीनवर शिवलेल्या. कडेची पट्टी प्रत्येकीची वेगळ्या रंगाची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, गावाला निघालात का? तेव्हा अक्कांनी एकेकीवर बोट ठेवून माझी त्यांच्याशी ओळख करून दिली. "ही पूरनी. ही आगनी. ही उननी. ती दवाखानानी. अन् ती धरती हाली तं."

"अक्का, पहिल्या मजल्यावर पूर कुठून येणार?"

"पूर काय सांगीसन येस का, भाऊ?"



पुराच्या पिशवीत दोर, बॅटरी, मेणबत्त्या, कागदपत्रांच्या प्रती आणि बिबडे. बिबडे म्हणजे ज्वारीचे उन्हात वाळवलेले पापड, खानदेशात घरोघर असतात, वर्षभर टिकतात. न भाजताही चावता येतात, फक्त दात आपले हवेत. आगीची पिशवी सगळ्यांत लहान. नानांच्या गोळ्या, चष्मा, एक टॉवेल. आगीला वेळ नसतो म्हणून तिच्यात सामान नको, असा अक्कांचा हिशोब. भूकंपाच्या, म्हणजे 'धरती हाली तं'च्या पिशवीत एक शिट्टी होती. उन्हाच्या पिशवीत मीठ, साखर, कैरीची आंबोशी, पंचा आणि लू लागू नये म्हणून कांदे. एकदा अक्का आठ दिवस आजारी पडल्या, पिशवी उघडायची राहिली, आणि कांद्यांना कोंब फुटून हिरवी पात पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावू लागली. शेठजी म्हणाले, "अक्का, आता हिला पाणी घाला." अक्काही हसल्या. पण पात कापून त्याची त्यांनी भाजी केली आणि पिशवीत नवे कांदे भरले.

दर एकादशीला पाचही पिशव्या जमिनीवर रिकाम्या व्हायच्या. जुनी बिस्किटं गल्लीतल्या लेकरांना, गोळ्यांच्या तारखा कंपाउंडरला दाखवायला, बॅटरी पेटवून नानांच्या डोळ्यांवर, "ब्रेक!" मग सगळं परत आत. शेवटी पिशवी ताणकाट्याला अडकवून वजन. मी राहायला आलो तेव्हा एका पिशवीला पाच किलोची मुभा होती. पुढच्या वर्षी चार झाली. मग तीन. दोर बारीक झाला, मेणबत्त्या अर्ध्या झाल्या, बिबड्यांचे दोन पुडे होते त्याचा एक झाला. मी म्हटलं, "अक्का, पुरात माणसाला कमी खायला लागतं का?"

"पिशवी तीच शे, भाऊ. हात थकी गया."

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्या मोकळ्या हाताची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, जिन्यात बसून बिबडे निवडताना. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना पांझरा नदीला पूर आला. वडील गुरं घेऊन पुढे गेलेले. आईच्या डोक्यावर पितळी हंडा, तो धरायला एक हात, दुसऱ्या हातात बिबड्यांचा डबा. आई म्हणाली, माझा पदर धर. पदर ओला, मागून माणसांचा लोंढा, आणि मुलीचा हात सुटला. दोन दिवसांनी ती शेजारच्या गावात सापडली, कुणाच्या तरी ओट्यावर, कुणाचे तरी बिबडे खात. हंडा वाचला होता, डबाही वाचला होता.

"मायना दोन्ही हात भरेल व्हतात," अक्का म्हणाल्या. "मी काय धरू?"

मग त्यांनी एक तुटका बिबडा माझ्या हातावर ठेवला आणि त्या पुढचे निवडू लागल्या.

तर खरा प्रश्न पिशव्यांचा नव्हताच. तो समोर कॉटवर होता. उद्या काही झालं तर नानांना खाली कसं न्यायचं? पिशव्या खिळ्यावरून काढायला एक क्षण पुरे, नानांना काढायला माणसं लागत होती. म्हणून अक्कांनी आम्हाला कामाला लावलं. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीत नानांना बसवायचं, पंचाने बांधायचं आणि जिन्याने खाली आणायचं. माझ्याकडे पुढची डावी बाजू, शेठजींकडे पुढची उजवी, कंपाउंडरकडे पाठ. अक्का आमच्या पुढे, उलट्या उतरणार. त्यांच्या डाव्या हातात पिशवी, उजवा हात नानांच्या गुडघ्यावर. अकरा पायऱ्या, वळण, अकरा पायऱ्या. वळणावर नाना हमखास ओरडायचे, "ब्रेक!" आम्ही थांबायचो. मग पुढे.

पहिल्या वेळी पाठीला कंपाउंडरच्या जोडीला गल्लीतला एक पोरगाही होता, तेव्हा शेठजींनी खोडा घातला. "चार जणांनी उचलून खाली आणायचं? अक्का, अशुभ आहे हो हे. आमच्या बाईजी म्हणतात, जिवंत माणसाला चौघांनी उचलू नये." बोलता बोलता शेठजी मारुतीच्या देवळाच्या दिशेने हातही जोडून मोकळे झाले. अक्का भांडल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "मंग तीन. चौथी मी, पन मी पुढे शे." शेठजींच्या आईंना, म्हणजे बाईजींना, ते पटलं, आणि आम्हा तिघांच्या कमरेची कायमची वाट लागली.

वर्षभर आम्ही हे केलं. दुसऱ्या वर्षी शेठजींना रविवारी लग्नं निघू लागली. कंपाउंडरची ड्युटी बदलली. मी राहिलो, कारण मी समोर राहत होतो आणि पळायला जागा नव्हती. दोघांनी खुर्ची उचलणं जमत नाही. तरी रविवारी अक्का दार वाजवायच्या. "भाऊ, उनात का शेठजी?" मी म्हणायचो, "नाही आले." त्या म्हणायच्या, "बरं." त्यांच्या त्या "बरं"मध्ये रागही नसायचा. राग असता तर मीही रागावून मोकळा झालो असतो.

माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. उन्हाळ्यात तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते आणि घरी आलं की अंगातलं पाणी गेल्यासारखं होतं. त्या मे महिन्यात बायको-मुलगी माहेरी गेल्या होत्या. एका रविवारी सकाळी अक्कांनी दार वाजवलं. खाली शेठजी आज सकाळपुरते घरी आहेत, कंपाउंडरची ड्युटीही दुपारची आहे, दोघंही हो म्हणाले आहेत, फक्त तुम्ही चला. मी दात घासत होतो. दुकानात माल उतरायचा होता. मी म्हणालो, "अक्का, आज नको. आणि खरं सांगू? दर वेळी काय तेच तेच! काही होत नाही हो."

अक्का माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "कूलर बंद करीसन जा."

आता जळगावचा माणूस कूलर का चालू ठेवतो, हे जळगावच्याच माणसाला कळेल. संध्याकाळी भाजून परत यायचं असतं. घर तेवढं गार मिळावं, ही एकच आशा असते. मी रोजच तो चालू ठेवून जायचो. त्या दिवशी टाकीत पाणी भरायला विसरलो. दुपारी टाकी आटली, पंप कोरडा फिरत राहिला, तापला, आणि कूलरच्या जाळीतल्या वाळलेल्या गवताने पेट घेतला.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, त्यातली गत. मी दुकानात, शेठजी बाजारातल्या त्यांच्या दुकानात, कंपाउंडर दवाखान्यात. खाली शेठजींच्या घरच्या बायका होत्या, पण ऐन दुपारी या गावात प्रत्येक घर दारं-खिडक्या लावून आत कूलरच्या घरघरीत पडलेलं असतं. अक्कांनी हाका मारल्या, शिट्टीही वाजवली म्हणे. कुणालाही ऐकू गेलं नाही. माझ्या दाराखालून धूर मधल्या जागेत येत होता.

मला फोन आला तेव्हा मी कसा पोचलो ते आठवत नाही. बंबवाल्यांनी आग विझवली होती. माझं अख्खं घर जळून काळं पडलं होतं. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी लोकांमधून वाट काढत अक्का आणि नाना कुठे आहेत ते बघत होतो. गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाखाली एका गोधडीवर नाना आडवे होते, डोक्याखाली उशी. अक्का शेजारी बसून त्यांना पंच्याने वारा घालत होत्या. पंचा सारखा हातातून सुटत होता. मी जवळ गेलो तेव्हा दिसलं, त्यांच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती.

नानांना गोधडीवर घेऊन, गोधडीची डोक्याकडची दोन टोकं धरून, उलट्या पावली, एकेक पायरी करत त्यांनी एकटीने त्यांना खाली आणलं होतं. अकरा पायऱ्या, वळण, अकरा पायऱ्या. नंतर कळलं की आम्ही येईनासे झालो तेव्हापासून त्या ही तालीम करत होत्या. नानांना न घेता, गोधडीवर गव्हाचं पोतं ठेवून. मला समोरच्या घरात राहून ते कधी कळलं नव्हतं. जिन्यात पोतं घसटल्याचा आवाज यायचा, मला वाटायचं खाली शेठजींच्या घरी माल येतोय.

"अक्का," मी म्हणालो. "पिशव्या?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"बठ्ठ्या वर शेत." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. त्यांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोन्ही हात लागनात, भाऊ. नाना खाले उनात ना? मंग बठ्ठं उनं."

"माझ्यामुळे झालं, अक्का. कूलर..."

"तुमले काम व्हतं. माले माहीत शे." मग त्या एकदम हसल्या. "पायरी पायरीले 'ब्रेक' म्हनेत तुमना नाना. मी म्हनू, गाडीले ब्रेकच नही शे आज!"

मी तिथे रस्त्यात, सगळ्यांच्या देखत रडलो. मला शरम वाटत होती, आणि ती अजूनही आहे.

गंमत पुढे आहे. अक्कांच्या घराला नुसता धूर लागला होता, पाचही पिशव्या खिळ्यांवर शाबूत. माझ्या घरात मात्र कपडा उरला नव्हता की भांडं. त्या संध्याकाळी मी शेठजींच्या ओसरीवर बसलो असताना अक्का पुराची पिशवी घेऊन आल्या. बँडेज बांधलेल्या हाताने त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. "ल्या. आते तुमले लागी." पुढचे चार दिवस मी त्या पिशवीवर काढले. वीज नसलेल्या घरात त्यांचीच बॅटरी लावून राख भरली. बिबडे चावले. धुराचा वास त्यांनाही लागला होता. इतकी वर्षं भरून ठेवलेली पिशवी पहिल्यांदा कामाला आली ती माझ्या, ज्याने आग लावली त्याच्या.

त्यानंतर रविवार कुणी चुकवला नाही. शेठजी स्वतःच वर यायचे. कंपाउंडरने खुर्चीला पट्टे शिवून आणले. आम्ही इतके तयार झालो की वळणावर नाना ओरडायच्या आधीच थांबायचो, आणि मग नाना चिडून ओरडायचे. अक्का मात्र थकल्या होत्या. पिशवीचं वजन दोन किलोवर आलं होतं. एकादशीला त्या सामान काढून बसायच्या आणि बराच वेळ काही भरायच्याच नाहीत.

नाना गेले ते यातल्या कशानेही नाही. थंडीचे दिवस होते. दुपारी वरण-भात जेवले, झोपले, उठले नाहीत. दवाखान्याची पिशवी खिळ्यालाच होती. अक्का म्हणाल्या, "ब्रेक सुद्धा म्हन्ना नहीत." पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या.

त्यांना खाली न्यायची वेळ आली तेव्हा कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मी पुढची डावी बाजू धरली, शेठजींनी उजवी. कंपाउंडर मागे. या वेळी चौथा माणूस होता, नानांचा धुळ्याचा जावई. जिना अरुंद आहे, नवख्यांचे पाय तिथे हमखास अडखळतात. आमचे अडखळले नाहीत. अकरा पायऱ्या मोजून आम्ही वळणावर आलो आणि तिघंही थांबलो. जावई बिचारा मागून पुढे झोकला गेला, त्याला कळेना काय झालं. आम्ही तसेच उभे होतो. वरून, दारात उभ्या असलेल्या अक्कांचा आवाज आला, "चाला, भाऊ." मग आम्ही पुढच्या अकरा उतरलो.

दोन महिन्यांनी लेकीने अक्कांना धुळ्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या आधी त्यांनी पिशव्या वाटल्या. आगीची कंपाउंडरला, दवाखान्याची शेठजींना, कारण बाईजींचं वय झालं होतं. शिट्टीची पिशवी जावयाने घेतली, घेताना जरा लाजला. मला उन्हाची. "कांदा बदलत ऱ्हा," एवढीच सूचना. पुराची त्यांनी रिकामी करून त्यात स्वतःची लुगडी भरली.

मी त्यांना स्कूटरवर बसस्टँडला सोडायला गेलो. लेक आणि जावई रिक्षाने पुढे गेले होते. जिना उतरताना अक्का पुढे, मी मागे. पिशवी डाव्या हातात. उजवा हात त्यांनी नानांचा गुडघा यायचा त्या उंचीवर थोडा पुढे धरला होता, त्यांना कळतही नसावं. वळणावर त्या थांबल्या, मीही थांबलो. मग उतरलो.

बस लागलेली होती, लेक आणि जावई आत बसले होते. कंडक्टरने त्यांची पिशवी उचलून आत ठेवली. अक्का दाराशी उभ्या. मला काहीतरी हलकंफुलकं बोलायचं होतं, इतकी वर्षं त्यांनी मला जे ऐकवलं तेच त्यांना ऐकवावं, असं वाटलं. मी म्हणालो, "अक्का, एक हात मोकळा आहे ना?"

त्यांनी दोन्ही हात वर केले. तळव्यांवर जुन्या खुणा होत्या. पंजे उघडले, मिटले, परत उघडले.

"आते काय, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोन्ही मोकळाच शेत."

त्या चढल्या. खिडकीशी जागा मिळाली. बस निघाली तेव्हा मी हात हलवला, पण त्या समोर बघत होत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, तळवे वर करून.